विहिरीच्या कडेचे चार इंच

आमचा धंदा ग्रिलचा. घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी आमचं वर्कशॉप होतं, आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात ज्यांना चोर, कबुतरं आणि शेजारी यांची भीती वाटते असे सगळे आमचे गिऱ्हाईक होते. खिडक्यांची ग्रिलं, सेफ्टी डोअर, जिन्याचे कठडे, टाकीवरची झाकणं. लोखंड कापणं आणि जोडणं माझ्या यजमानांकडे, मापं आणि कागद माझ्याकडे. चारचौघांत मी त्यांना परबच म्हणते, इथेही तेच म्हणेन.

गिऱ्हाइकांचे किस्से सांगायला बसले तर हा अंक पुरायचा नाही. एका गृहस्थांना ग्रिल इतकं पुढे काढून हवं होतं, की त्यात वॉशिंग मशीन मावेल. मावलं. मग त्यांनी त्यात सासऱ्यांची खुर्ची ठेवली. एका बाईंना नवऱ्याचं घोरणं बाहेर जाईल पण डास आत येणार नाहीत अशी जाळी पाहिजे होती. त्यांना मी डासांपुरती हमी दिली. पण मला आज मुलुंडच्या एका विहिरीबद्दल लिहायचं आहे. त्या विहिरीपाशी माझ्या हातून एक चूक झाली, आणि अकरा वर्षं ती परबांच्या नावावर राहिली आहे. ती माझ्या नावावर करून घ्यावी, म्हणून हे लिखाण.

त्याआधी मापांचं काम माझ्याकडे कसं आलं ते सांगते.

परब कणकवलीकडचे. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर मुलाला त्यांनी वेल्डिंग शिकायला घातलं. परबांची नजर अशी, की चार पावलांवरून बघून चौकट पाव इंच कलली आहे हे सांगतील. पण आकडेमोड म्हटली की ते कपाळ चोळायचे. मी दहावीपर्यंत शिकलेली, भूमितीत वर्गात पहिली. लग्नानंतर त्या भूमितीचा उपयोग शंकरपाळे कापण्यापलीकडे काही झाला नव्हता.

सांताक्रूझच्या एका डॉक्टरांनी मनोरीला छोटं घर बांधलं, आणि त्याला समुद्राकडे एक गोल खिडकी ठेवली. गोल खिडकी बघायला फार छान दिसते. तिला आडव्या सळया बसवायच्या असल्या की मग ती बसवणाऱ्याला छान दिसत नाही. चौकोनी खिडकीत सगळ्या सळया एका मापाच्या असतात. गोल खिडकीत मधली सर्वात लांब, मग वर-खाली जाल तशी प्रत्येक आखूड, आणि किती आखूड ते डोळ्यांनी कळत नाही. परब मार्वेहून होडीने जायचे, खिडकीत दोरी ताणून मापं घ्यायचे, घाटकोपरला येऊन कापायचे. दोनदा झालं, दोन्ही वेळा निम्म्या सळया चुकल्या. दोरी ताणली जाते. तिसऱ्यांदा ते निघाले तेव्हा मी म्हटलं, जाऊ नका, खिडकीचा व्यास सांगा आणि दोन सळयांमध्ये किती अंतर ठेवायचं ते सांगा.

व्यास पन्नास इंच होता, अंतर पाच इंच. वर्तुळाला छेदून जाणाऱ्या सरळ रेषेचा जो तुकडा वर्तुळाच्या आत सापडतो, त्याला शाळेत जीवा म्हणतात. म्हणजे खिडकीची प्रत्येक सळई एक जीवा. तिची लांबी काढायला वर्तुळ बघायलाही लागत नाही. मध्यापासून काठापर्यंतचं अंतर, म्हणजे त्रिज्या, पंचवीस. समजा एक सळई मध्यापासून पंधरा इंच वर आहे. पंचवीसचा वर्ग सहाशे पंचवीस, पंधराचा दोनशे पंचवीस. वजा केले की राहिले चारशे, त्याचं वर्गमूळ वीस. ही झाली अर्धी सळई. दुप्पट केली की चाळीस इंच. एवढंच आहे. ज्यांना शाळेत हे जमलं नाही, त्यांनी आता जमवून बघावं, मार देणारं कुणी नाही.

मी नऊ सळयांची मापं भाजीच्या पिशवीवर लिहून दिली. परबांनी ती कापली, मनोरीला नेली आणि नऊच्या नऊ खिडकीच्या लोखंडी रिंगमध्ये बसल्या. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी हातपाय धुतले आणि म्हणाले, "बरां." त्या दिवसापासून मापं माझी झाली. गोल काही आलं की परब गिऱ्हाइकाला सांगायचे, त्याचा हिशोब घरात होतो. सांगताना त्यांना अभिमान वाटायचा, आणि मला तो ऐकायला आवडायचा.

या अभिमानाची पुढे वाट लागली ती अशी.

मुलुंडच्या त्या सोसायटीत जुनी विहीर होती. सोसायटीच्या आधीपासूनची, कधीच्या काळी वाडीला पाणी द्यायला खणलेली. वर गंजलेलं पत्र्याचं झाकण. ते बदलून मजबूत जाळी बसवा, आणि नवीन तयार होईपर्यंत जुनं काढू नका, अशी पालिकेची नोटीस आली होती. म्हणजे आत दोरी ताणायची सोय नव्हती. सोसायटीचे चेअरमन वैद्यसाहेब. विमा कंपनीतून रिटायर झालेले, अत्यंत सरळ माणूस, आणि प्रत्येक गोष्टीचं कारण विचारणारे. त्यांनी आमच्याकडून लेखी मागितलं होतं, प्रत्येक लोखंडी तुकडा किती लांब आणि का.

मी कठड्याला बाहेरून टेप गुंडाळला. त्रेपन्न फूट पाच इंच. त्यावरून बाहेरचा व्यास सतरा फूट. कठडा दीड फूट जाड, दोन्ही बाजूंचे तीन गेले, आतला व्यास चौदा. त्रिज्या सात. विहिरीवर आडवे पाच लोखंडी चॅनेल, म्हणजे पन्हळीच्या आकाराच्या तुळया, टाकायचे आणि त्यांच्यावर जाळ्या बसवायच्या, असं ठरलं. एक चॅनेल मधोमध, दोन मध्यापासून तीन-तीन फुटांवर, दोन कडेचे सहा-सहा फुटांवर. वैद्यसाहेबांच्या समोर बसून मी हिशोब केला. मधला चौदा फूट, त्याच्या शेजारचे बारा फूट आठ इंच, कडेचे सात फूट अडीच इंच. वैद्यसाहेबांनी प्रत्येक वर्गमूळ कॅल्क्युलेटरवर तपासलं आणि मान हलवली.

आता ही झाली फक्त विहिरीच्या तोंडावरची लांबी. चॅनेल दोन्ही टोकांना कठड्यावर टेकायला हवा, त्यासाठी जादा घ्यायला लागतो. ते जादा परब सांगत. ते म्हणाले, मधल्याला आणि त्याच्या शेजारच्यांना चार-चार इंच पुरे, कडेच्यांना एक-एक फूट घ्या.

वैद्यसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "मधला सगळ्यात लांब, त्याच्यावर वजन जास्त. त्याला चार इंच. आणि कडेचा एवढासा, त्याला फूट? का?"

परब म्हणाले, "ते असंच असतं साहेब."

"असंच म्हणजे? काहीतरी कारण असेल ना."

परबांनी कपाळ चोळलं. मग हाताने हवेत काहीतरी तिरकं दाखवलं. वैद्यसाहेबांना ते कळलं नाही, मलाही कळलं नाही. मला लाज वाटली. इतका वेळ मी वर्गमूळं काढून त्या सुशिक्षित माणसापुढे आमची जी काही किंमत वाढवली होती, ती या 'असंच असतं'ने खाली आली असं मला वाटलं. मी कागद ओढला, एक फूट खोडला, आणि पाचही चॅनेलपुढे चार-चार इंच लिहिलं. कडेचा सात फूट साडेदहा इंच. म्हटलं, सगळीकडे सारखं. लोखंड उगाच कशाला वाया घालवायचं.

"हे शास्त्रशुद्ध झालं," वैद्यसाहेब म्हणाले. परबांनी टेप गुंडाळून खिशात टाकला. त्या कागदाच्या खाली माझी सही आहे.

जाळी बसली. दिसायला झकास झाली होती. सोसायटीतल्या बायकांनी दोन महिन्यांत तिचा खरा उपयोग शोधून काढला. अख्ख्या आवारात सकाळपासून दुपारपर्यंत ऊन राहील अशी तेवढी एकच जागा होती, तेव्हा चैत्रात त्या जाळीवर चादरी पसरून पापड, सांडगे, कुरडया वाळत पडू लागल्या. तळमजल्यावरच्या पेठेकाकू एका सकाळी कुरडया उलटायला गेल्या. वयस्कर बाई, सावध, मधल्या भागावर पाय द्यायचा नाही म्हणून कडेकडेने चालल्या. कडेच्या चॅनेलचं एक टोक कठड्यावरून निसटलं, जाळी कलली आणि काकूंचा उजवा पाय मांडीपर्यंत खाली गेला. खाली तीस फूट पाणी होतं. त्यांनी दोन्ही हातांनी पुढची जाळी धरली आणि तशाच राहिल्या. वॉचमन आणि पेपरवाला धावले, त्यांनी काकूंना ओढून काढलं. मग त्यांनी कललेली जाळी उचलली, तेव्हा दुसरं टोकही सुटलं आणि चॅनेल विहिरीत गेला. मांडीला नऊ टाके पडले. काकूंचं पहिलं वाक्य, कुरडया सगळ्या गेल्या का, असं होतं म्हणतात.

फोन आला तसे आम्ही दोघं निघालो. वैद्यसाहेब अजून खाली उतरले नव्हते. परब कठड्यापाशी गेले, चॅनेलच्या टोकाचा रंग जिथे लागला होता तो डाग त्यांनी शोधला आणि मला बोलावलं. चॅनेल ज्या दिशेने पडला होता त्या दिशेने त्यांनी घडीची पट्टी धरली. आतल्या काठापासून डागापर्यंत चार इंच. बरोबर होते. मग त्यांनी पट्टी फिरवून भिंतीच्या जाडीच्या दिशेने सरळ धरली आणि काठापासून डागाच्या टोकापर्यंत मोजलं. दोन इंच.

ते पट्टी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिले.

हे बाहेरच्यांना समजावून सांगते. मधला चॅनेल कठड्याला सरळ ओलांडतो. कडेचा तिरका ओलांडतो. रस्ता तिरका ओलांडला तर पावलं जास्त पडतात, रस्ता मात्र तेवढाच असतो. माझे चार इंच तिरके चालले होते, आणि प्रत्यक्षात भिंतीत दोनच इंच आत शिरले होते. त्यातही चॅनेलला रुंदी असते, त्याचा विहिरीकडचा कोपरा जेमतेम दीड इंचावर टेकलेला. आणि जुन्या कठड्याचा काठ म्हणजे चुन्याचा गिलावा, तो दोन महिन्यांत झडला. मनोरीच्या खिडकीत सळया रिंगला आतून टेकून वेल्ड झाल्या होत्या, तिथे जादा घ्यायचा प्रश्नच आला नव्हता. माझी जीवा बरोबर होती. जीवा संपते तिथून पुढे काय, ते माझ्या पुस्तकात नव्हतं. परबांच्या हाताला ते माहीत होतं, आणि त्या दिवशी त्यांनी हवेत जे तिरकं दाखवलं होतं ते हेच होतं. मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

वैद्यसाहेब माझी सही असलेला कागद घेऊन खाली आले. कमिटीची दोन माणसंही होती. त्यांनी आधी काकूंच्या पायाचं सांगितलं, मग विचारलं, "परबबाई, चूक मापाची की कापण्याची? मला मिनिट्समध्ये लिहावं लागेल."

मी तोंड उघडायच्या आत परब म्हणाले, "कापण्याची. माझ्याकडून आखूड कापला गेला."

वैद्यसाहेब पद्धतशीर माणूस. पडलेला चॅनेल मोजता येत नव्हता, म्हणून त्यांनी समोरच्या कडेचा चॅनेल मोजला. सात फूट साडेदहा इंच. कागदाशी ताडला, तंतोतंत जुळला. म्हणजे माप बरोबर, हा बरोबर कापला, तो चुकीचा कापला. माझ्या चुकीच्या मापानेच मला निर्दोष ठरवलं.

परब म्हणाले, दोन्ही बदलून देतो, जास्त लांबीचे घालतो. वैद्यसाहेब म्हणाले, हा तर बरोबर आहे, याला हात कशाला लावायचा. परबांनी पुन्हा कपाळ चोळलं. त्यांना कारण सांगता येईना, आणि कारण मला माहीत होतं. तो चॅनेल तसाच राहिला असता तर पुढच्या चैत्रात आणखी कुणी त्यावरून चाललं असतं. मी बोलले. म्हटलं, एक लांब आणि एक आखूड वाईट दिसेल, दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्यात.

वैद्यसाहेबांना ते लगेच पटलं.

परबांनी तीन दिवसांत दोन्ही चॅनेल बदलले. या वेळी कठड्याच्या बाहेरच्या काठापर्यंत घेतले आणि टोकं बोल्टने आवळली. मिनिट्समध्ये लिहिलं गेलं, कारागिराच्या कापण्यातील चुकीमुळे. मी पेठेकाकूंना भेटायला गेले. त्यांनी मला चहा दिला आणि आधीच्या वर्षीच्या उरलेल्या कुरडया तळून दिल्या. वर म्हणाल्या, "यजमानांना ओरडू नका हो. चुकतो एखादवेळी माणसाचा हात." मी कुरडई खाल्ली आणि बरं म्हटलं. तेव्हाही बोलता आलं असतं. काकू आता नाहीत.

वैद्यसाहेबांनी आमच्यावर राग धरला नाही, उलट पुढे आमची शिफारस करत राहिले. मुलुंडला आणि भांडुपला त्यांच्या ओळखीने कामं आली. प्रत्येक गिऱ्हाईक येताना एकच गोष्ट ऐकून यायचं, की बाईंच्या मापाला तोड नाही, कापताना मात्र लक्ष ठेवा. एकजण टेप घेऊन वर्कशॉपमध्ये दिवसभर स्टुलावर बसला आणि परबांनी कापलेला प्रत्येक तुकडा मोजत राहिला. परब कापायचे आणि स्वतःहून त्याच्या पुढे धरायचे. एकही चुकला नाही. तरी त्या माणसाने जाताना मला बाजूला घेऊन सांगितलं, तुम्ही उभ्या असता म्हणून नीट होतं.

त्यानंतर परबांनी एक नवीन पद्धत पाडली. गिऱ्हाईक समोर असलं की कापलेला तुकडा वेल्ड करण्याआधी ते माझ्यापुढे आणून ठेवायचे. मी मोजायची, मान हलवायची, मग ते उचलून न्यायचे. ज्याला चार पावलांवरून पाव इंच दिसतो, तो माणूस. मी रोज ठरवायची, आज सांगायचं. मग वाटायचं, त्यांनी स्वतःच अंगावर घेतलं आहे, मापांवरचा विश्वास गेला तर धंदाच जाईल, त्यांना हे कळतं म्हणूनच ते बोलले. हे सगळं खरं होतं. आणि मला निर्दोष राहायला आवडत होतं, हेही खरं होतं. परबांनी घरात तो विषय कधी काढला नाही. त्यांना त्याचं काही वाटत नसावं, अशी मी माझी समजूत घालून घेतली. ते अबोल आहेत, त्यामुळे अशी समजूत घालणं सोपं जातं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही वर्कशॉप दुसऱ्याला दिलं. गेल्या महिन्यात कळलं, की मुलुंडची ती सोसायटी पाडून नवीन टॉवर होणार आहे आणि वैद्यसाहेब मुलाकडे राहायला जाणार आहेत. मी एकटी जाऊन त्यांना भेटले. ऐंशीच्या पुढे गेलेत, कॅल्क्युलेटर तोच आहे. मी कागदावर दोन वर्तुळं काढली, कठड्याच्या आतलं आणि बाहेरचं, मग कडेची रेघ मारली, आणि तिच्या पुढचे चार इंच दाखवले. त्यांनी सगळं स्वतः करून बघितलं. अर्धा तास लागला. दोन इंच आले तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे परब बरोबर होते."

मी हो म्हटलं.

"मग त्यांनी तसं का सांगितलं?"

"माझ्यासाठी."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. म्हणाले, कारण सांगता आलं नाही म्हणजे कारण नव्हतं असं मी धरलं, ही माझीही चूक. मग म्हणाले, मिनिट्स आता बदलता येत नाहीत, पण मी परबांना फोन करतो. मी म्हटलं, आधी मला सांगू द्या.

घरी आले. परब खिडकीशी बसून नखं कापत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. वैद्यसाहेबांना काय सांगितलं, त्यांनी काय म्हटलं, आणि हे सगळं मी लिहून छापायला देणार आहे, तेही सांगितलं. मला वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ दे, कशाला उगाच जुनं उकरतेस. मी त्याचीच वाट बघत होते. त्यांनी उरलेली दोन नखं कापली, तुकडे कागदात गुंडाळले.

"तेव्हाच सांगितलं असतंस तर बरां झालां असतां," ते म्हणाले.

त्या विहिरीबद्दल अकरा वर्षांत ते एवढंच बोलले. मी म्हटलं, हो.